समाधानाचे माप : संगणकीय शाळाप्रवेशाच्या निमित्ताने

'समाधान' हा शब्द मराठीत दोन अंगांनी वावरतो. पोटभर जेवण झाल्यावर, लेकीचे लग्न निर्विघ्न पार पडल्यावर, दिवसभराच्या श्रमाचे चीज झाल्यावर मनाला जी निवांत तृप्ती येते तिला आपण समाधान म्हणतो. दुसरीकडे 'शंकासमाधान' या जोडशब्दात हाच शब्द निराळ्या भूमिकेत उभा असतो. तेथे समाधान म्हणजे उत्तर. आपल्या शास्त्रग्रंथांच्या रचनेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, त्यावर शंका घ्यायची आणि मग तिचे समाधान करायचे, अशी शिस्त दिसते. तेथे शंका घेणाऱ्याला नुसते गप्प करून भागत नाही. त्याला पटेल असे कारण द्यावे लागते. शब्दाच्या मुळाशी गेले तर 'सम्', 'आ' आणि 'धा' असे त्याचे घटक हाती येतात, आणि विस्कटलेले नीट एकत्र आणून जागच्या जागी ठेवणे असा त्यांचा आशय निघतो. तृप्ती आणि उत्तर या दोन अर्थांना एका शब्दात नांदवणाऱ्या भाषेने एक सूक्ष्म नैतिक जाण जपली आहे असे मला वाटते. ती जाण अशी, की माणसाची खरी तृप्ती त्याच्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरापासून फार काळ वेगळी राहू शकत नाही.

हा शब्दविचार आज आठवण्याचे कारण साहित्यबाह्य आहे. मुलांना शाळेत वा महाविद्यालयात प्रवेश देण्याचे काम देशोदेशी संगणकाकडे गेले आहे, आणि त्याबरोबर 'वापरकर्त्यांचे समाधान' ही संज्ञा शासकीय अहवालांत आणि विद्यापीठीय प्रबंधांत रूढ झाली आहे. १९८८ साली डॉल आणि तोर्कझादेह या अभ्यासकांनी संगणकप्रणालीचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांचे समाधान मोजण्यासाठी बारा प्रश्नांचे एक साधन तयार केले. आशय, अचूकता, मांडणी, वापरातील सुलभता आणि वेळेवर मिळणारी माहिती, असे त्याचे पाच विभाग होते. पुढे १९९२ मध्ये डेलोन आणि मॅकलीन यांनी माहितीप्रणालीच्या यशाचा जो आराखडा मांडला, त्यात वापरकर्त्याचे समाधान ही यशाची एक प्रमुख कसोटी ठरली. आशय आणि मांडणी ही जोडी पाहून मराठी समीक्षकाला आपल्याकडील आशय आणि आकृतिबंध यांचा जुना वाद आठवावा, हे स्वाभाविक आहे. परंतु या पाच विभागांत न्याय कोठे आहे, हा प्रश्न त्या आठवणीपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. ही साधने मुळात कार्यालयीन कामकाजाच्या प्रणालींसाठी बेतलेली होती, तेव्हा त्यांत न्यायाचा विचार नसावा यात त्यांचा दोष नाही. पण तीच साधने मुलांच्या प्रवेशाला लावताना ही उणीव आपल्या ध्यानात येऊ नये, हा दोष मात्र आपला आहे.

संगणकाने आपल्याला कशातून सोडवले याची नोंद आधी प्रामाणिकपणे केली पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका महाविद्यालयाच्या प्रवेशसमितीवर मी काही वर्षे काम केले. जूनच्या पावसात छत्र्या मिटून व्हरांड्यात उभी असलेली रांग, फलकावर डकवलेली टंकलिखित यादी, ओल्या बोटांनी त्या यादीवरून खाली सरकत जाणारे बाप, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या यादीच्या मागे आणखी एक यादी असे, आणि ती फलकावर कधीच लागत नसे. कोणाची शिफारस, कोणाचा वशिला, कोणाची 'इमारत निधीला' दिलेली देणगी यांचा हिशेब त्या दुसऱ्या यादीत होई. एकदा धोतर नेसलेले एक शेतकरी गृहस्थ यादी तीनदा वाचून माझ्याकडे आले. आपल्या मुलाहून कमी गुणांचे एक नाव त्यांना यादीत दिसले होते. "साहेब, विचारायचं कुणाला?" एवढेच ते म्हणाले. मी त्यांना प्राचार्यांच्या दालनाकडे बोट दाखवले. ते आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. आत त्यांना काय सांगितले गेले ते मला कळले नाही. पण ते खरे नव्हते, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होते. त्या दिवशी मी उठून त्यांच्याबरोबर आत गेलो नाही, ही गोष्ट अजून मनाला लागून आहे.

ही दुसरी यादी निकामी करणे हे केंद्रीभूत प्रवेशाचे मोठे नैतिक कार्य होय. मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होऊ लागले. नंतर राज्यातील अन्य मोठ्या शहरांतही ही पद्धती आली आणि २०२५ मध्ये ती सबंध महाराष्ट्राला लागू झाली. त्या वर्षी नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि वीस लाखांहून अधिक जागा एका संकेतस्थळाच्या कक्षेत आल्या. मे महिन्यात पहिल्याच दिवशी ते संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी काही दिवस पुढे ढकलावी लागली, हेही खरे. व्यवस्थापन कोटा, इन-हाउस कोटा, अल्पसंख्याक कोटा हे दरवाजे गुणवत्ता फेऱ्यांच्या बाहेर राहिले, हेही खरे. तरीही गुणवत्ता फेरीपुरते बोलायचे तर गडचिरोलीच्या मुलीचे गुण आणि मंत्र्याच्या पुतण्याचे गुण यंत्रापुढे एकाच रकान्यात बसतात. यंत्राला आडनाव वाचून ओशाळता येत नाही, की कोणाचा दूरध्वनी आला म्हणून उठून उभे राहता येत नाही. ही निर्विकारता त्याचा मोठा गुण आहे.

मग अडचण कोठे आहे? ती मला एका प्रसंगातून उमजली. आमच्या उपनगरात घरोघर स्वयंपाक करणाऱ्या एका बाईंची मुलगी दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. घरात संगणक नव्हता. मोबाइल होता, पण त्यावर अर्ज भरण्याची धास्ती होती. म्हणून दोघी जवळच्या सायबर कॅफेत गेल्या. तेथल्या मुलाने शुल्क घेऊन अर्ज भरला. पसंतीक्रमाच्या रकान्यापाशी तो क्षणभर थांबला आणि आधीच्या गिऱ्हाइकाने जी नावे दिली होती तीच त्याने थोड्याफार फरकाने उतरवली. पहिल्या फेरीत मुलीला पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले. ते घरापासून दोन लोकलगाड्या आणि एक बस इतके दूर होते. पहिली पसंती मिळाली की तेथे प्रवेश घेणे बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर. चालत जाण्याजोग्या अंतरावर एक साधेसे, पण बरे महाविद्यालय होते. त्याचे नाव तिच्या यादीत पाचवे होते. आई माझ्याकडे आली आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचेच वाक्य तिने उच्चारले : "सर, आता विचारायचं कुणाला?"

त्या बारा प्रश्नांचे साधन या मायलेकींपुढे ठेवले असते तर काय झाले असते? माहिती अचूक होती का? होती. ती वेळेवर मिळाली का? मिळाली. मांडणी स्पष्ट होती का? यादीत नाव ठळकपणे दिसत होते. अर्ज भरणे सोपे गेले का? दुसऱ्याने भरला, तेव्हा सोपेच गेले. शिवाय पहिली पसंती पूर्ण झाली. या मुलीची गणना समाधानी वापरकर्त्यांत झाली असती, आणि ती गणना करणाऱ्याने कोठेही खोटेपणा केला नसता. तिला जागी बसवले गेले होते, पण तिचे समाधान झाले नव्हते. आपल्या आयुष्यातील एक निर्णय कोणी, कसा आणि का घेतला, हा तिच्या आईचा प्रश्न कोणत्याच रकान्यात मावत नव्हता.

यातून पहिली गोष्ट अशी निष्पन्न होते की पसंती ही आयती हाती येणारी वस्तू नव्हे. ती घडवावी लागते. तिच्यासाठी माहिती, सवड आणि सल्ला लागतो, आणि या तिन्ही गोष्टींची समाजातील वाटणी विषम असते. पसंतीक्रमाचे गणित मांडणाऱ्यांनाही याचा अनुभव आलेला आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह यांना एकच रीत लावून दाखवणारा एक छोटा निबंध लिहिला. त्यांची रीत सोपी आहे. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीच्या संस्थेकडे अर्ज करतो; संस्था आपल्या जागांपुरते सर्वांत पात्र अर्ज तूर्त राखून ठेवते आणि उरलेले नाकारते; नाकारलेले विद्यार्थी पुढच्या पसंतीकडे वळतात, तेथे पुन्हा सर्वांची एकत्र तुलना होते, आणि आधी राखलेला अर्जही गळू शकतो. असे करता करता नवा नकार उरला नाही की प्रवेश पक्के होतात. या रीतीत विद्यार्थ्याने आपली खरी पसंती लिहिली तर त्याचे नुकसान होत नाही.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात २००५ पर्यंत निराळी पद्धत होती. तेथे पहिल्या फेरीतच जागा पक्क्या होत. ज्याने लोकप्रिय शाळा पहिली लिहिली आणि जो तेथे नाकारला गेला, त्याची दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर दुसऱ्यांच्या पहिल्या पसंतीने भरून गेलेली असे. जाणते पालक एकत्र जमून डावपेच आखत आणि जेथे खात्री आहे तीच शाळा पहिली लिहीत. भाबडे पालक मनातले लिहीत आणि मागे पडत. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा पद्धतीत 'पहिली पसंती मिळालेल्यांचे प्रमाण' साहजिकच चांगले दिसते, कारण भीतीपोटी पालक आपली खरी पहिली पसंती लिहीतच नाहीत. म्हणजे समाधानाचा आकडा जितका उंच, तितकी त्याच्या पायाशी दडलेली धास्ती अधिक असू शकते. बॉस्टनने २००५ मध्ये गेल आणि शॅप्ली यांच्या धर्तीची रीत स्वीकारली ती यामुळेच. न्यू यॉर्कमध्ये हा बदल त्याआधी, २००३-०४ च्या सुमारास झाला. तेथे दरवर्षी सुमारे नव्वद हजार मुले माध्यमिक शाळांत जात, आणि त्यांपैकी तीसेक हजार मुलांना त्यांनी यादीत न लिहिलेल्या शाळेत धाडले जाई. नव्या पद्धतीने ही संख्या पहिल्याच वर्षी सुमारे तीन हजारांवर आली. या कामातील एक अग्रणी आल्विन रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा गणिताला न्यायाशी देणेघेणे नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

किंबहुना या रीतीने समाधानाच्या दुसऱ्या अर्थाची एक वाट मोकळी केली आहे. तिच्या निकालात ज्याला हवी ती जागा मिळाली नाही त्याला निश्चित सांगता येते : तेथे ज्यांना घेतले ते सगळे, त्या जागेसाठी ठरवलेल्या निकषावर, तुझ्या पुढे होते. हे उत्तर कडू असेल, पण ते उत्तर आहे. प्रत्येक फेरीनंतर जाहीर होणारा कट-ऑफ त्याच जातीचा. माझ्या त्या शेतकरी गृहस्थांना असे उत्तर मिळते, तर ते निराश झाले असते. अपमानित झाले नसते. निराशा आणि अपमान यांतील हा भेद न्यायविचारात फार मोलाचा आहे. सर्वांना हवे ते देणे कोणत्याच व्यवस्थेला शक्य नसते. जिला न मिळालेल्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलता येते ती व्यवस्था न्याय्य होय.

तथापि येथे प्रश्नाचा एकच पदर उलगडतो. 'मला का नाकारले?' या विचारण्यात दोन प्रश्न गुंफलेले असतात. एक, ठरवलेला निकष माझ्या बाबतीत नीट लावला गेला का? आणि दोन, हाच निकष का ठरवला? पहिल्याचे उत्तर यंत्र देऊ शकते, आणि पुष्कळदा माणसापेक्षा अधिक चोख देते. दुसऱ्याचे उत्तर देणे यंत्राच्या आवाक्यातले नाही, कारण तो निर्णय त्याने घेतलेलाच नसतो. महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. निरनिराळ्या परीक्षामंडळांच्या गुणांची तुलना कशी करावी यावर २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र आले, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा निर्णय आला, तोही टिकला नाही. २०१० मध्ये सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण उच्च न्यायालयात नाकारले गेले आणि सर्वोच्च न्यायालयात मान्य झाले. म्हणजे ऑनलाइन प्रवेशाचे यंत्र जेव्हा बसवले जात होते, नेमक्या त्याच काळात त्या यंत्रात काय घालावे याविषयी समाज भांडत होता. ते भांडण योग्य होते. आज त्याचा विसर पडला आहे, आणि निकष जणू आकाशातून पडले आहेत अशा भावनेने आपण याद्या वाचतो. यंत्राची निर्विकारता निकषाला उसनी मिळते आणि मग निकषही निर्विकार वाटू लागतो.

निकषाचा प्रश्न किती खोल जातो हे सोडतीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. तेराव्या कलमाने मुलाची वा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली. आणि चाळणी म्हणजे काय ते सांगताना, यदृच्छ पद्धतीखेरीज एका मुलाला दुसऱ्याहून अधिक पसंत करण्याची कोणतीही रीत, अशी व्याख्या केली. महाराष्ट्रात या जागांसाठी पालक ऑनलाइन अर्ज करतात, नकाशावर आपल्या घराची खूण करतात, आणि शाळेपासूनच्या अंतराचा विचार करून सोडत निघते. लहान मुलांच्या हातून अंकांच्या चिठ्ठ्या काढून घेण्याची रीतही पाळली गेली आहे. वरवर पाहता सोडत म्हणजे कारणाचा अभाव. 'का नाही?' या प्रश्नाला ती एवढेच म्हणते : कारण काही नाही. परंतु या उत्तरात एक विलक्षण सभ्यता आहे. सहा वर्षांच्या मुलाला ते सांगते की तू कोणाहून कमी नव्हतास. गुणांच्या यादीत दोन दशांश टक्क्यांनी मागे राहिलेल्या मुलाच्या कानावर पडते ते नेमके उलट असते, आणि त्या दोन दशांशांत खरोखर काही अर्थ आहे की नाही हे कोणी त्याला सांगत नाही. तेव्हा दोन्हीकडे निराश मुलांची संख्या सारखी असली, तरी नकाराचा अर्थ सारखा नाही. समाधानाचे माप हा अर्थ मोजत नाही.

सोडतीची मर्यादाही याच कायद्याच्या इतिहासात दिसते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यशासनाने अधिसूचना काढून शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जागांच्या बंधनातून मुक्त केले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. मधल्या काळात संकेतस्थळ चालू होते. यंत्राला बदललेला नियम सांगितला, त्याने तो पाळला. यंत्रात कोणत्या शाळा घालायच्या आणि कोणत्या वगळायच्या, ही न्यायाची खरी गाठ सोडतीच्या कितीतरी आधी बांधली जाते. चिठ्ठी काढणाऱ्या मुलाचा हात निष्पाप असतो, म्हणून पेटीत चिठ्ठ्या घालणाराही निष्पाप ठरत नाही.

निर्णय यंत्राने केला तरी उत्तर माणसानेच द्यायचे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरू शकते का? फ्रान्सचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथील उच्च शिक्षणाच्या जुन्या प्रवेशप्रणालीत अर्जांची गर्दी झालेल्या क्रीडाविज्ञानासारख्या विषयांसाठी २०१७ मध्ये सोडतीचा आधार घेतला गेला आणि त्यावर मोठा क्षोभ उसळला. २०१८ मध्ये पार्कूरस्यूप नावाची नवी प्रणाली आली. तिच्या केंद्रीय गणितक्रमाची संहिता शासनाने प्रसिद्ध केली. परंतु प्रत्येक संस्था अर्जांचा क्रम लावताना स्वतःची सूत्रे वापरी, आणि ती गुप्त राहत. एका विद्यार्थी संघटनेने हे आव्हानित केले. ३ एप्रिल २०२० रोजी तेथील संविधान परिषदेने निर्णय दिला की प्रवेशप्रक्रिया संपल्यावर प्रत्येक संस्थेने आपले निकष आणि त्यांत यांत्रिक गणनेचा वाटा किती होता हे प्रसिद्ध केले पाहिजे. नाकारलेल्या विद्यार्थ्याला मागणीवरून आपल्याविषयीच्या निर्णयाची शैक्षणिक कारणे मिळण्याची सोयही त्या कायद्यात आहे. या प्रणालीवर फ्रान्समधील तरुण खूश आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण विचारण्याचा हक्क तेथे लेखी आहे. असंतुष्ट परंतु उत्तराचा अधिकारी असलेला नागरिक, आणि संतुष्ट परंतु प्रश्नाची जागाच नसलेला वापरकर्ता, यांतून निवड करायची झाली तर लोकशाहीने पहिल्याची बाजू घ्यावी.

यावर एक आक्षेप संभवतो. समाधानी राहण्याची शिकवण तर आपल्या संतांनी दिली आहे; आपल्या परंपरेत असंतोषाचे एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप दोन गोष्टींची गल्लत करतो. संतांनी सांगितलेले समाधान हे माणसाने स्वतःच्या हव्यासावर मिळवलेल्या विजयाचे नाव आहे. ते ज्याचे त्याने साधायचे असते. एकाने दुसऱ्याकडून ते वसूल करायचे नसते. ज्याच्या हाती वाटपाची सत्ता आहे त्याने, मिळाले त्यात समाधान माना, असे म्हणणे हा त्या शिकवणीचा अपहार आहे. शिवाय वर्षानुवर्षे थोडक्यात भागवत आलेली माणसे थोड्यावरच खूश होतात, हेही विसरता येत नाही. रांगेत उभे राहावे लागले नाही, कोणी अंगावर ओरडले नाही, एवढ्यानेच आमच्या त्या बाईंना संगणक देवासारखा वाटला होता. तिच्या अपेक्षा इतक्या लहान का, हा प्रश्न समाधानाच्या पाहणीत येत नाही. आणि तो न विचारता केलेली पाहणी अन्यायाच्या जुन्या हिशेबावर नवे व्याज चढवते.

महाराष्ट्राला शाळेच्या उंबरठ्याचा इतिहास नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी असा मुद्दा मांडला होता की शेतसारा भरतो रयत, आणि त्या पैशातून शिकतात मात्र वरचे वर्ग. निकषाविषयीचा प्रश्न तो हाच. आणि साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना प्रवेश मिळालेलाच होता. त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत आहे की त्यांना वर्गात वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे. बसायचे गोणपाट रोज घरून आणावे लागे आणि संध्याकाळी परत न्यावे लागे. प्रवेशाच्या नोंदवहीत त्या मुलाचे नाव होते. आजच्या भाषेत त्याला जागा वाटप झाली होती. तेव्हा प्रवेश आणि सामावून घेणे यांतील अंतर हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलाला वर्गात कोठे बसवतात, सहलीच्या पैशांच्या वेळी त्याचे नाव कसे घेतात, दूर नेमलेल्या महाविद्यालयातली मुलगी दिवेलागणीनंतर घरी कशी पोचते, हे सारे यादी लागल्यानंतर सुरू होते, आणि यादी लागली की आपली समाधानाची मोजणी संपते.

संगणक काढून टाकावा असे माझे म्हणणे नाही. त्या दुसऱ्या यादीचा काळ ज्याने पाहिला आहे तो असे म्हणणार नाही. महाराष्ट्रात अकरावीच्या जागा आज अर्जांहून कितीतरी अधिक आहेत. मोजक्याच महाविद्यालयांपुढे गर्दी असते आणि अन्यत्र जागा रिकाम्या राहतात. विश्वास ठेवावा अशा शाळांचा हा दुष्काळ वाटपाच्या कोणत्याही रीतीने हटणार नाही. परंतु रीतीकडून जेवढे मागता येते तेवढे तरी मागावे. पसंती लिहिण्यापूर्वी ज्याला घरात विचारायला कोणी नाही त्याला शाळेतच विचारता यावे. नकाराबरोबर त्याचे कारण, साध्या मराठीत, त्या मुलाच्या नावाने लिहून मिळावे. निकष दरवर्षी पुन्हा उघडपणे सांगितले जावेत, म्हणजे त्यांच्याशी भांडता येईल. चुकीची दुरुस्ती करण्याचा अधिकार असलेले एक माणूस प्रत्येक तालुक्यात टेबलामागे बसलेले असावे. आणि समाधानाची पाहणी करायचीच असेल, तर ती ज्यांना मिळाले नाही त्यांच्यापासून सुरू करावी आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा : का नाही मिळाले, ते तुम्हाला कोणी सांगितले का?

त्या बाईंच्या मुलीने अखेर त्याच दूरच्या महाविद्यालयात नाव घातले. सकाळी साडेपाचला ती घर सोडते. तिचा अर्ज पुन्हा उघडता येईल का हे विचारण्यासाठी मी दोन-तीन ठिकाणी फोन केले. ते वाजत राहिले. मध्यंतरी जिन्यात भेट झाली तेव्हा मी तिला, काही वाटतं का गं अजून, असे विचारले. "नाही सर, आता सवय झाली," ती म्हणाली. जुन्या त्या व्हरांड्यातून परत जाणाऱ्या गृहस्थांचीही पाठ मी अशीच पाहिली होती. सवय होणे हे समाधान नव्हे, हे तिला सांगावे की नाही, याचा निर्णय मला त्या जिन्यात करता आला नाही.